फर्गी (बी-२०३ चा जुना फर्ग्युसन ट्रॅक्टर) रविवारी कितीला निघणार?

ए-३०३: कालपासून व्हिजिटर पार्किंगमध्ये ट्रेलर आडवा उभा आहे. मागच्या वेळी गेटच्या खांबाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ट्रॅक्टर कधी हलणार तेवढं सांगा, बाकी काही नको.

बी-२०३: वहिनी, रविवारी सकाळी ७ ला. पंधरा मिनिटांचं काम. चालू करायचा, रॅम्पवरून चढवायचा, पट्टे आवळायचे, निघालो.

ए-१०४: वजन किती भरतं?

बी-२०३: काका, फर्ग्युसन टीई२० आहे. ११३० किलो फक्त.

सी-३०१: दादा, पंधरा मिनिटं नुसते रॅम्प सरळ लावायलाच जातील. आणि चालवत चढवायचं डोक्यातून काढा. रॅम्प २.४ मीटर, ट्रेलरचा तळ ६० सेंमी वर, म्हणजे चारास एक चढ. पहिल्या गिअरमध्ये क्लच झटक्यात सुटला की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. उतरवताना मागे घरंगळत असेल आणि ब्रेक दाबला तरी तेच, कारण ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत. न्यूट्रलमध्ये टाकून विंचने (ड्रमवर वायर गुंडाळत ओढणारं यंत्र) ओढा. स्टिअरिंग बाजूला उभं राहून धरायचं, आणि दुसऱ्याने चाकामागे ठोकळा सरकवत यायचं.

बी-५०२: ठोकळ्याच्या जागी सेक्रेटरी साहेबांना उभं करा, त्यांच्यापुढे काहीच सरकत नाही 😄

सेक्रेटरी: विनोद मीटिंगमध्येही चालतात, कधी आलात तर. बी-२०३, सकाळी ७ ला इंजिनाचा आवाज चालणार नाही. आधीच कळवत आहे, कृपया सहकार्य करावे.

सी-३०१: विंच लावला तर आवाजच नाही. चढामुळे वजनाचा चौथा हिस्सा ओढावा लागतो, वर टायरचा अडथळा. १००० किलोचा विंच पुरून उरतो. मात्र ती क्षमता ड्रमवर वायरचा पहिला थर असताना मोजलेली असते, थर चढत गेले की ताकद घटते. वायरवर जाड गोणपाट टाका आणि तिच्या रेषेत कोणी उभं राहू नका.

ए-१०४: वजन किती भरतं? ट्रेलरसकट विचारतोय.

डी-१०२: एवढा बाऊ कशाला? उलटा चढवा. रिव्हर्समध्ये नाक उचलत नाही.

सी-३०१: चढताना नाही उचलत, हे बरोबर. पण फर्गीचं बॉनेट पुढच्या बाजूला बिजागरीवर आहे. तोंड मागे करून नेलात तर वारा बॉनेटच्या मागच्या फटीत शिरतो आणि ते उघडतं. उलटा न्यायचाच असेल तर बॉनेट पट्ट्याने बांधा.

डी-१०२: बांधू की. आणि मधोमध एक जाड साखळी टाकली की संपलं.

सी-३०१: नाही संपलं. एकाच साखळीवर तो तिच्याभोवती फिरतो. चार कोपऱ्यांतून चार वेगळ्या ओढी हव्यात, दोन पुढे, दोन मागे, प्रत्येकीला स्वतःचं रॅचेट (पट्टा आवळायची दातेरी कळ). मागे एक्सलच्या कवचाला बांधा. पुढे एक्सलच्या बीमला, स्टिअरिंगच्या दांड्यांना अजिबात नाही, त्या वाकतात. खालच्या लिंकलाही (मागे अवजार जोडायच्या दांड्या) नाही, त्या मुळात हलायलाच असतात. आणि पुढचा एक्सल मधल्या पिनेवर झुलतो, म्हणून नुसतं पुढून बांधून ट्रॅक्टर स्थिर होत नाही, खरी पकड मागची.

बी-२०३: ताई, पट्टे माझ्याकडे आहेत. प्रत्येकी ५ टनाचे.

सी-३०१: ५ टन हा तुटण्याचा आकडा की बांधणीचा? लेबलवर दोन्ही असतात, बांधणीसाठी छोटा धरायचा. पट्टा धारदार कडेवरून जात असेल तर खाली रबर घाला. रॅचेटच्या दांड्यावर दोन-तीन वेढे, जास्त झाले की अडकतं.

ए-१०४: पुन्हा टाकतोय, कारण कोणी उत्तर देत नाही. वजन किती भरतं? ट्रॅक्टर + ट्रेलर + मागच्या टायरमध्ये वजनासाठी भरतात ते पाणी.

बी-५०२: काका, तुमचा मेसेज पिन करू का?

बी-२०३: टायरमध्ये पाणी आहे काका. विसरलोच. ट्रेलर रिकामा ७०० किलो, त्याच्या प्लेटवर एकूण मर्यादा २००० लिहिलीय.

ए-१०४: त्या मापाच्या टायरमध्ये साधारण १३० लिटर. दोन्ही मिळून २६०. ११३० + ७०० + २६० = २०९०. मर्यादेच्या ९० किलो वर. म्हणूनच सकाळपासून विचारतोय.

ए-३०३: म्हणजे रविवारीही हलणार नाही??

सी-३०१: काकांचं बरोबर. पाणी काढा. चाक जॅकवर उचला, व्हॉल्व्ह तळाशी आणा, त्याच्या आतला गाभा काढा. एकदम सुटतं, तोंड बाजूला ठेवा. तळाशी थोडं उरतंच, चालेल.

सेक्रेटरी: पाणी बागेत सोडू नये.

सी-३०१: बरोबर आहे साहेब. ते साधं पाणी नसून कॅल्शियम क्लोराइड असलं तर झाडं मरतात. वजनही पाण्यापेक्षा जास्त भरतं, मग काकांचा आकडा आणखी वर जाईल. बादल्यांत धरा, आणि रिमला गंज आहे का तेही बघून घ्या.

डी-१०२: म्हणजे माझी साखळी नको?

बी-५०२: तुमची साखळी व्हिजिटर पार्किंगला लावा.

डी-१०२: पार्किंगवर तुम्ही बोलू नका. तुमची दुसरी गाडी कुठे असते ते सगळ्या विंगना माहीत आहे.

सेक्रेटरी: विषयावर राहावे ही नम्र विनंती. तिसऱ्यांदा.

सी-३०१: मुख्य राहिलं. चढवण्याआधी ट्रेलर गाडीला जोडलेला, हँडब्रेक वर आणि ट्रेलरच्या मागचे टेकू खाली हवेत. नाहीतर जड मागची चाकं रॅम्पच्या टोकावर आली की ट्रेलर मागे बसतो आणि गाडीचं बूड उचलतो. गाडीची मागची चाकंच उचलली गेली, मग हँडब्रेकचा काय उपयोग? फर्गीचं जास्त वजन मागच्या चाकांवर असतं, म्हणून तिचा तोल-बिंदू मागच्या चाकांच्या थोडाच पुढे येतो; तो बिंदू ट्रेलरच्या धुऱ्यांच्या मध्याच्या किंचित पुढे येईल असा ट्रॅक्टर थांबवा. तो मागे राहिला तर हिच (ट्रेलर गाडीला जोडायची जागा) हलका होतो आणि ट्रेलर वेगात डोलायला लागतो.

बी-२०३: किंचित म्हणजे किती?

सी-३०१: मोजूनच कळेल. धुऱ्यांच्या मध्यापासून हिच ४ मीटर असेल तर ट्रॅक्टर १० सेंमी सरकवल्यावर हिचवरचं वजन २८ किलोंनी बदलतं. ट्रेलर सपाट ठेवून हिचखाली लाकडी ठोकळा आणि घरातला वजनकाटा लावा. गाडीच्या हिचवर लिहिलेली मर्यादा ओलांडायची नाही. जमलं की तळावर खडूने खूण करा.

बी-२०३: वर गेल्यावर गिअरमध्ये टाकू?

डी-१०२: न्यूट्रल! गिअरमध्ये धक्के गिअरबॉक्सला बसतात.

सी-३०१: पट्टे नीट असतील तर धक्के पट्ट्यांनाच बसतात. गिअरमध्ये टाका, तो फक्त जादा आधार. पेट्रोलचा नळ बंद, नाहीतर हादऱ्यांनी कार्बोरेटर भरून वाहतो. बॅटरीची तार काढा. टूलबॉक्सचं झाकण बांधा, खालच्या लिंक दोरीने एकमेकींना आवळा. निघाल्यावर ८-१० किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, टायर दबतात आणि पट्टे सैल होतात.

सेक्रेटरी: ठरलं असं धरतो: शनिवारी पाणी, रविवारी ९:३० नंतर लोडिंग. वॉचमनच्या केबिनमधले दोन लाकडी ठोकळे कोणी नेलेत, त्यांनी आजच परत ठेवावेत.

बी-५०२: 👀 डी-१०२

ए-१०४: पाणी काढल्यावर पुन्हा वजन करा. किती भरलं ते इथे टाका.