गोष्ट विसरले, चित्र नाही: जुन्या बालपुस्तकांतल्या अद्भुत चित्रांचे अनुभव

परवा आवराआवरीत आर्थर रॅकहमच्या चित्रांचं जुनं पुस्तक हाती लागलं आणि मी तासभर तिथेच फतकल मारून बसले. फांद्यांना गाठाळ बोटं, मुळांच्या बेचक्यात दडलेले बुटके, खोडाच्या सालीत सुरकुतलेला चेहरा! आधी शाईची रेघ, मग जलरंगाचे पातळ हात, म्हणून सगळं रान तिन्हीसांजेचं वाटतं. गोष्टीतलं अक्षरही आठवत नव्हतं. झाड मात्र लख्ख आठवत होतं. तुमचंही असं एखादं चित्र असणारच. ते कधी पाहिलंत, त्यात काय दिसलं, सविस्तर लिहा.

*

‘ॲलिस इन वंडरलँड’मधली, चित्रकार जॉन टेनियलने काढलेली लांब मानेची ॲलिस. मी इतका घाबरायचो की रात्री त्या पुस्तकावर दुसरी चार पुस्तकं रचून ठेवायचो. पुढे कळलं की ती बारीक रेघ डॅल्झिएल बंधूंनी लाकडी ठोकळ्यावर कोरली होती. आणि १८६५ सालची पहिली छपाई टेनियलला पसंत पडली नाही म्हणून २००० प्रती मागे घेतल्या गेल्या! माझी भीती त्या काटेकोरपणातूनच आली असणार.

*

माझा धाकटा भाऊ उशिरा वाचायला शिकला. रॅकहमची १९१९ची सिंड्रेला जवळजवळ सगळी सावलीचित्रांत आहे. नुसत्या काळ्या आकृत्यांची नाकं आणि टोप्या बघून तो अख्खी गोष्ट सांगायचा, आणि दर वेळी नवी.

*

काय नील्सन (Kay Nielsen) या चित्रकाराचं १९१४ सालचं चित्र. पांढऱ्या अस्वलाच्या पाठीवर बसलेली मुलगी. आजारपणात महिनाभर हेच एक चित्र उशाशी होतं.

*

माझं चित्र मी पाहिलेलंच नव्हतं. त्या काळी रंगीत चित्रं वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून जाड पानावर चिकटवत, वर झिरझिरीत कागदाचा पडदा. वाचनालयातल्या प्रतीतलं एक चित्र कुणीतरी काढून नेलं होतं. उरला होता डिंकाचा पिवळा डाग आणि पडद्यावर छापलेली एक ओळ: परी कोळ्याशी बोलते आहे, अशा अर्थाची. मी कित्येक दुपारी त्या डागात कोळी बघितला. आठ पाय, गळ्यात दवाच्या मण्यांची माळ. वीस वर्षांनी दुसऱ्या प्रतीत खरं चित्र सापडलं. सुंदरच होतं, पण कोळ्याच्या गळ्यात माळ नव्हती. घरी येऊन मी ती काढली.