पाकीट आठवड्याला एकच

आयव्हीएफआधी (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराआधी) ड जीवनसत्त्व वाढवलं तर यश वाढतं का? पातळी चांगली असलेल्या बायकांमध्ये निकाल बरे दिसतात खरे, पण इटलीतल्या सुंड्रो नावाच्या संशोधनात ६ लाख युनिटचा एकच डोस देऊनही गर्भधारणेचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे कमतरता भरून काढा, चमत्कार नको.

रक्ततपासणी २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्वाचीच करा. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची दुसरी तपासणी इथे निरुपयोगी. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर डॉक्टर सहसा ६०,००० युनिटचं पाकीट देतात: आठवड्याला एक, ८ आठवडे, साईच्या दुधातून. घोळ इथेच होतो. 'आठवड्यातून एकदा' न वाचता रोज घेतात, मग कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठता. पुन्हा तपासणी ३ महिन्यांनी. त्यासाठी आयव्हीएफ मात्र लांबवू नका, विशेषतः चाळिशी जवळ आली असेल तर.