थर्मल चित्र (उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं) बघायला शिकावं लागतं की नुसते डोळे पुरतात?

रात्रपाळी: "थर्मलमध्ये शिकायचंय काय, माणूस माणसासारखाच दिसतो" असं विजेची पॅनेल तपासणाऱ्या आपल्या पॅनेलवाल्यांनी काल ठोकून दिलं. सहा वर्षं रात्रभर हाच पडदा बघतोय, म्हणून राहवलं नाही. लांबचा माणूस कळतो तो चालीवरून. उभा राहिला की खांब. जवळ आला तरी ओळखीचा चेहरा ओळखू येत नाही: नाक गार, डोळ्यांचे कोपरे गरम, चष्म्याच्या जागी दोन काळी भोकं. आपल्या डोळ्यांना वरून पडणाऱ्या उजेडाची सवय, इथे वस्तू स्वतःच उजळतेय. गाडी निघून गेली तरी तिचा गार ठसा जमिनीवर राहतो. नवखा असताना मी त्या रिकाम्या जागेची 'गाडी उभी' म्हणून नोंद केली आहे. हसा.

पॅनेलवाला: एवढं रामायण कशाला? सगळा खेळ पिक्सेलचा. जॉन्सनचा १९५८ चा निकष बघा: वस्तूच्या अरुंद बाजूवर काळ्या-पांढऱ्या रेषांची १ जोडी मावली तर काहीतरी आहे एवढं कळतं, ४ मावल्या तर काय आहे ते, ६.४ ला नेमकं कोणतं ते. चांगला कॅमेरा घ्या, शिकवण्या बंद करा.

चष्मिष: अहो, ते आकडे निम्म्या वेळा बरोबर येण्याचे आहेत, तेही इमेज इंटेन्सिफायरवरचे, म्हणजे अंधुक उजेड वाढवून दाखवणाऱ्या यंत्रावरचे, थर्मलवरचे नाहीत. ते सोडा. खरा घोळ घालतं ते रेनबो पॅलेट, म्हणजे तापमानाला इंद्रधनुष्याचे रंग देणं. ऑटो रेंजवर (कॅमेरा रंगांची मापं स्वतःच ठरवतो तेव्हा) लाल म्हणजे फक्त 'या चौकटीत सगळ्यात गरम'. दोन अंशांचा फरक असला तरी आग लागल्यासारखं दिसतं.

पॅनेलवाला: रेनबोला नावं ठेवायची नाहीत. करडा फोटो दिला की गिऱ्हाईक विचारतं, बिघाड कुठाय?

चष्मिष: म्हणजे रंग फासून रिपोर्ट खपवायचे. कळलं.

पॅनेलवाला: तोंड सांभाळून! वीस वर्षं पोट त्यावर भरतोय.

चष्मिष: तेच म्हणतोय मी.

जुनं खोड: तुमचं चालू द्या. एक चकचकीत बसबार (पॅनेलमधला वीज वाहणारा धातूचा दांडा) मला गार दिसला, मी 'ठीक' लिहून मोकळा. पुढच्या शटडाउनला त्यावर काळी चिकटपट्टी लावून ठेवली. लोड आल्यावर बघतो तर पट्टी तेवढी पांढरीफटक, शेजारचा धातू तसाच गार. त्या धातूची उत्सर्जकता, म्हणजे स्वतःची उष्णता बाहेर फेकायची ताकद, १ पैकी ०.१ च्याही खाली, स्वतःची उष्णता दाखवतोय कुठे तो? समोरच्याचीच परतवतो. एका स्टीलच्या दारावर तर मस्त हॉटस्पॉट सापडला होता. मी डावीकडे सरकलो, तोही सरकला. माझंच टक्कल.

रात्रपाळी: अहो, मग मी वेगळं काय सांगत होतो?

पॅनेलवाला: बरं बाबा, चकचकीत धातूपुरतं मान्य. माणसाचं नाही. आणि रेनबो मी सोडणार नाही.

चष्मिष: नका सोडू. पुढचा हॉटस्पॉट लिहिण्याआधी तेवढं जरा बाजूला सरकून बघा.