मदत हवी आहे: डीएसएल लाइन पडते पण मॉनिटरिंगला कळतच नाही

मंडळी, आमच्या साखर कारखान्यात जुन्याच टेलिफोन केबलवरून वजनकाटा, गेट आणि शेतकी ऑफिसपर्यंत व्हीडीएसएल (फोनच्या तारेवरून चालणारं डेटा कनेक्शन) नेलंय, या सगळ्या लाइन जिथे जोडल्यात तो एक छोटा डीएसलॅम आहे. झॅबिक्सवर (नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) दर ५ मिनिटांनी एसएनएमपीने (उपकरणाला माहिती विचारायची पद्धत) इफऑपरस्टेटस, म्हणजे लाइनची स्थिती, वाचतो, १ म्हणजे अप, २ म्हणजे डाउन, पण काट्याची लाइन मधेच पडते, मिनिटभरात परत सिंक होते आणि ग्राफवर सगळं हिरवंगार! तिकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि शिव्या मला.

नॉइज मार्जिन (लाइन टिकायला लागतो त्याहून सिग्नल किती चांगला आहे तो आकडा) मिळतंय, ६२ येतं म्हणजे ६.२ डीबी, १० ने भागायचं असतं ते. पहाटे दव पडलं की घसरतं, जॉइंटमध्ये पाणी शिरत असणार असा माझा अंदाज.

तर पोलिंग (स्थिती विचारणं) १ मिनिटावर आणू, की इफलास्टचेंज (स्थिती शेवटची बदलली ती वेळ) बदललं की अलर्ट लावू? ट्रॅप (डीएसलॅम स्वतःहून पाठवतो ते इशारे) चालू केलेत पण यूडीपीवर (पोच न घेता पाठवायची पद्धत) जातात, हरवले तर पत्ताही लागायचा नाही. शिवाय डीएसलॅम रीस्टार्ट झाला की इफइंडेक्स (लाइनचे क्रमांक) बदलतात आणि काट्याचा ग्राफ गेटच्या नावावर, हे इफनेमवरून (लाइनचं नाव) बांधता येतं का? १५ मिनिटांचे एरर्ड सेकंदवाले (किती सेकंदांत चुका झाल्या ते मोजणारे) काउंटर कोणी वापरत असाल तर झॅबिक्सचं टेम्प्लेट (तयार सेटिंगची फाइल) टाका ना प्लीज.