पायस, संपुट की साय? ‘इमल्शन’ला मराठीत काय म्हणायचं

रंकाळावेस
मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सभासदांसमोर पुढच्या आठवड्यात बोलायचं आहे. हळदीतलं कर्क्युमिन, गाजरातलं बीटा कॅरोटीन असले नाजूक पदार्थ तेलाच्या बारीक थेंबांत घालून ते दुधाताकात कसे टिकवतात, हा विषय. तालीम म्हणून घरी आईला सांगायला बसलो. म्हटलं, “हळद आधी इमल्शनमध्ये घालायची.” ती म्हणाली, “गेल्या दिवाळीला हॉलला मारलं ते? ते पोटात घालणार होय रे?”

तिचं चुकलं नाही. गावात इमल्शन मिळतं ते रंगाच्याच दुकानात. तर तीन शब्द हवे आहेत: इमल्शन (एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात), एनकॅप्सुलेशन (नाजूक पदार्थाला भोवती थर देऊन राखणं) आणि अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनमुळे होणारा बिघाड रोखणारा पदार्थ). पहिल्याला परिभाषेत ‘पायस’ आहे. दुसऱ्याला कुणी संपुटन लिहितं, कुणी आवेष्टन. तिसऱ्याचं ‘प्रतिऑक्सिडीकारक’ म्हणताना माझीच जीभ अडखळते.

शब्दवेल्हाळ
‘पायस’ सोडू नका, फार नेमका शब्द आहे. पयस् म्हणजे दूध (पाणीही), त्यावरून पायस. आणि गंमत म्हणजे इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही दूधच आहे. लॅटिनमध्ये ‘एमुल्गेरे’ म्हणजे दूध पिळून काढणं. बदाम वाटून काढलेल्या पांढऱ्या पाण्याला जुने औषधवाले इमल्शन म्हणायचे. भिंतीचा रंग फार नंतरचा. परिभाषा घडवणाऱ्यांनी मूळ बघून शब्द निवडलेला दिसतो, नुसता अर्थ बघून नव्हे.

दूधखात्यातला
सर, सभेत पायस म्हणला की मंडळी वाटी घिऊन बसत्यात. पायस म्हंजे खीर. कीर्तनात दशरथाच्या यज्ञातलं ऐकलंय सगळ्यांनी.

आणि नवा शब्द कशाला पाहिजे? दूध हेच इमल्शन की. पाण्यात स्निग्धाचे थेंब, बहुतेक १ ते १० मायक्रॉनचे. मायक्रॉन म्हंजे मिलिमीटरचा हजारावा भाग. होमोजिनायझरमधनं दाबानं काढलं की थेंब १ मायक्रॉनच्या आसपास येतो आणि वर तरंगायचं विसरतो. लोणी ह्याच्या उलटं, स्निग्धात पाण्याचे थेंब. आमच्या लोकांना एवढं सांगितलं तरी बास. गंगावेशीत म्हशीखाली पेला धरून धारोष्ण पिणाऱ्या माणसाला थेंब म्हंजे काय हे शिकवावं लागत न्हाई.

पाटावरवंटा
दादांचं पटलं. मोडण्याचे शब्द तर आपल्याकडे किती आहेत बघा. दूध नासतं, फाटतं. ताक घुसळलं की लोणी गोळा होतं. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध घालून खळखळ उकळी काढली की ते ‘फुटतं’, तेल वेगळं आणि पाणी वेगळं. आणि तांबड्या रश्श्यावर कट आला नाही तर पाव्हणे नाव ठेवतात! म्हणजे एका चुलीवर फुटू नये म्हणून धडपड आणि शेजारच्या चुलीवर तेल वर यावं म्हणून.

‘अँटिऑक्सिडंट’साठी माझा शब्द: खवटरोधक. खोबरं, शेंगदाणे, तूप खवट होतात ते हवेनेच ना?

रंकाळावेस
ताई, मोडण्याचे शब्द मी तुमच्याकडून उचलणार. आम्ही वर्गात ‘अस्थिरता’ म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतो. दूध नासणं म्हणजे प्रथिनं गोळा होणं, लोणी येणं म्हणजे स्निग्धाचे थेंब एकमेकांत मिसळणं. प्रकार वेगळे आहेत आणि शब्दही आधीपासून वेगळे आहेत.

कटाचंही शास्त्र तेच. मिरचीचा लाल रंग, कॅप्सँथिन, हा कॅरोटीनच्या भावकीतला. पाण्यात विरघळत नाही म्हणून तेलात चढतो. आणि उजेड-हवा लागली की फिका पडतो, म्हणून चटणीची बरणी अंधारात.

शब्दवेल्हाळ
‘खवटरोधक’ चांगला आहे, पण खवट होतं ते स्निग्ध. हळद कधी खवट झालेली ऐकली आहे का? हळदीचा रंग उडतो. मिरची ‘उतरते’. म्हणून तेलाच्या पाकिटापुरता खवटरोधक चालेल, हळदीला नाही.

रंकाळावेस
बरोबर. शिवाय कर्क्युमिन उजेडाने मोडतं आणि अल्कलीनेही, तिथे हवेलाच सगळा दोष देता येत नाही. हळदीला चुना लावला की लाल होते, कुंकू पूर्वी तसंच करायचे. तो अल्कलीचाच परिणाम. मी सभेत अँटिऑक्सिडंटच म्हणेन. पाकिटांवर वाचून तो शब्द आता रुळला आहे.

माझी खरी अडचण दुसरा शब्द.

शब्दवेल्हाळ
त्याला ‘संपुट’ घ्या. आयुर्वेदात शरावसंपुट असतं: मातीच्या दोन परळांची तोंडं जुळवायची, सांधा कापडमातीने लिंपायचा आणि आत औषध ठेवून पुट द्यायचं, म्हणजे आचेत भाजायचं. आतलं आत, बाहेरचं बाहेर. याहून नेमकं काय हवं?

रंकाळावेस
काका, ‘आतलं आत, बाहेरचं बाहेर’ इथेच गाडी अडते. तेलाच्या थेंबाभोवती प्रथिनाचा किंवा लेसिथिनचा (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, बिस्किटाच्या पुड्यावर ३२२ आकडा असतो तो) जो थर बसतो, तो काही लिंपलेला सांधा नाही. त्यातून ऑक्सिजन आरामात आत जातो, आतले रेणूही बाहेर डोकावतात.

उलट, तेल फोडून बारीक थेंब केले की पृष्ठभाग अफाट वाढतो आणि तेच तेल बाटलीतल्यापेक्षा लवकर खवट होऊ शकतं. बिघाड सुरू होतो तोच मुळी थेंबाच्या पृष्ठभागावर. पाण्यात विरघळलेल्या लोहाचे धन भाराचे कण असतील आणि थेंबावर ऋण विद्युतभार असेल तर ते चुंबकाला टाचण्या चिकटाव्यात तसे थेंबाकडे धावतात आणि बिघाडाला हवा देतात. म्हणून थर असा निवडायचा की त्यावर धन भार राहील, मग लोह लांब राहतं. संपुट म्हटलं की ऐकणाऱ्याला झाकण दिसतं. इथे झाकण नाहीच, दारावर राखणदार आहे एवढंच.

दुधात लोहही घालायचं आणि नाजूक तेलही, असं म्हणणाऱ्यांना मी सांगतो, दोन सवती एका घरात नांदवायच्या असतील तर आधी भिंत घाला.

पाटावरवंटा
मग करंजी म्हणा! आत सारण, बाहेर पारी.

रंकाळावेस
करंजी एका प्रकाराला चालेल, एकच गर आणि एकच कवच असतं तिथे. पण हेच इमल्शन फवारून वाळवून पूड केली की एकेका कणात तेलाचे असंख्य थेंब विखरून बसलेले असतात. ती करंजी नव्हे, शेंगदाण्याची चिक्की. आणि क जीवनसत्त्वासारखा पाण्यात विरघळणारा पदार्थ असेल तर पाण्याचा थेंब तेलाच्या पोटात आणि तो तेलाचा थेंब पुन्हा पाण्यात. त्याला मी ‘दुहेरी पायस’ म्हणतो. फराळाच्या ताटात त्याला जोड सापडली नाही.

शब्दवेल्हाळ
चिक्कीवर हरकत नाही. पण ‘फोर्टिफाइड’चं, म्हणजे वरून पोषक घटक घातलेल्या अन्नाचं, काय करणार? परवा एका भाषांतरात ‘तटबंदीयुक्त दूध’ वाचलं. पन्हाळ्यावरनं आणलेलं असावं.

दूधखात्यातला
रेशनवर असला तांदूळ आला, त्याला ‘गुणसंवर्धित’ म्हणत्यात. १०० दाण्यांमागं १ दाणा लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ घालून केलेला. तो पाण्यात तरंगला की गावभर बोंब, प्लास्टिकचा तांदूळ आला! शब्द कितीबी चांगला द्या, दाणा तरंगला की संपलं. सर, तुमी दूध पिऊन दाखवा आधी.

रंकाळावेस
(आठ दिवसांनी) सभा झाली. ‘पायस’ एकदाच म्हटलं, हशा पिकला, मग ‘थेंब’वर आलो. फळ्यावर तेलाचा थेंब काढला, भोवती प्रथिनांचा थर काढला आणि म्हटलं, हा थर हळदीला राखतो. मागून एक आजोबा उठले. “म्हंजे मास्तर, थेंबाला साय धरवायची म्हणा की.”

मी खडू हातात धरून उभाच. दूध तापवलं की प्रथिनं पृष्ठभागावर येऊन बसतात, एकमेकांना धरतात, त्यात थोडं स्निग्ध अडकतं, तीच साय. थेंबावर जे घडतं त्याच्या इतका जवळचा शब्द माझ्या टिपणात एकही नव्हता. त्यापुढे मी तासभर सायच म्हणत होतो.

शब्दवेल्हाळ
वहीत टिपून ठेवलं. पण पुढच्या निबंधात ‘सायबद्ध’ लिहू नका, पाया पडतो.

दूधखात्यातला
आजोबा आमच्याच गल्लीतले. सकाळपास्नं विचारायलेत, तो पिवळा पेला परत कधी आणणार?