संपत्तिकर आणि बस: ठरवतं कोण, निगम की भोपाळ?

राजेंद्रनगरची पूर्वा

नमस्कार मंडळी. आमचं इंदूरच्या राजेंद्रनगरचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली आम्ही राहतो, वर भाडेकरू. संपत्तिकराच्या (घरपट्टीच्या) बिलातलं वार्षिक भाडेमूल्य, म्हणजे ज्यावर कर लागतो तो घराच्या वर्षाच्या भाड्याचा धरलेला आकडा, बघून वॉर्डातल्या पार्षदांना (नगरसेवकांना) फोन केला. ते म्हणाले, "ताई, हे सगळं भोपाळहून, राज्य सरकारकडून येतं." नात्यातले एक काका भोपाळला सरकारी नोकरीत होते, ते म्हणतात, "दर तर निगमच, म्हणजे आपली महानगरपालिकाच ठरवतं." मग कायद्याने हे काम नेमकं कुणाचं?

दुसरं असं की आमच्या गल्लीतल्या मुली सकाळी कॉलेजला रिक्षात कोंबून जातात. जवळून बस हवी असेल तर अर्ज कुणाकडे करायचा?

रामबागचा लेखापाल

पूर्वाताई, दोघांचंही खरं आहे. मी एका नगरपालिकेच्या लेखा शाखेतून निवृत्त झालो, या कागदांतच नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शहरांच्या नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी 18 विषय आले. पण कोणता कर लावायचा आणि किती मर्यादेत, हे कलम 243 एक्सनुसार विधानसभा ठरवते. आपल्या मध्य प्रदेशात त्यासाठी 1956 चा नगरपालिक निगम अधिनियम आहे. त्याने आखून दिलेल्या मर्यादेत निगम आपला दर ठरवतं. म्हणजे चौकट भोपाळची आणि आतला आकडा इंदूरचा.

आता तुमचं भाडेमूल्य. बांधकामाचं क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि झोनचा दर यांवरून ते निघतं. राज्याच्या 2020 च्या नियमांनी हा दर कलेक्टर गाइडलाइनशी, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी दरांशी जोडला. का जोडला, ते कळायला हवं. कोरोनाच्या वर्षी केंद्राने राज्यांना जादा कर्ज काढायची मुभा दिली, त्यात शहरांसाठी दोन अटी होत्या: संपत्तिकराचे किमान दर गाइडलाइनला धरून हवेत, आणि पाणी, मलनिःसारणाचं शुल्क खर्चाला धरून हवं. जानेवारी 2021 मध्ये या अटी सर्वांत आधी पूर्ण करणाऱ्या दोन राज्यांत आंध्र प्रदेशाबरोबर आपण होतो, आणि मध्य प्रदेशाला 2,373 कोटींच्या जादा कर्जाची परवानगी मिळाली. कर वाढायला माझा विरोध नाही, गटारं आणि कचरागाड्या फुकट चालत नाहीत. पण राज्याच्या कर्जमर्यादेसाठी घरपट्टीचा पाया बदलावा आणि शहराने निवडून दिलेल्या परिषदेला त्यात "नको" म्हणायची सोय नसावी, हे मला मान्य नाही.

हे आजचं नाही. माझे वडील चुंगी (जकात) नाक्यावर मोहर्रिर, म्हणजे कारकून होते. 1976 साली राज्याने चुंगी उठवली आणि प्रवेशकर आणला. ट्रकांच्या रांगा गेल्या, ते चांगलंच झालं. पण नाक्यावर रोज जमा होणारा पैसा शहराचा हक्काचा होता. त्याजागी भोपाळहून "चुंगी क्षतिपूर्ती", म्हणजे चुंगीची भरपाई येऊ लागली. 1 जुलै 2017 ला प्रवेशकरही जीएसटीत विरघळला, तरी खात्यात त्या रकमेचं नाव तेच राहिलं. महिनाअखेरीला पगारपत्रक तयार करून आम्ही हप्ता आला का ते बघत बसायचो. दुसऱ्याच्या हप्त्यावर पगार भागवणारी परिषद वरच्यांशी वाद कशी घालणार?

एक कामाची गोष्ट. स्वतः राहता त्या भागाला 50 टक्के सूट असते, भाड्याच्या भागाला नाही. खालचा मजला स्वतःच्या वापरात आणि वरचा भाड्याने असा वेगळा नोंदवला आहे का, ते आधी बघा.

सुदामानगरहून रोज बसने

बसचा अर्ज एआयसीटीएसएलला, म्हणजे शहर बस चालवणाऱ्या अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेडला द्या. ही 2005 साली निगम आणि विकास प्राधिकरणाने मिळून काढलेली कंपनी आहे, महापौर तिचे अध्यक्ष. योगायोग बघा, राज्याने आपलं परिवहन निगम बंद करायचा निर्णयही त्याच साली घेतला. मात्र परमिट परिवहन प्राधिकरणाचं, आणि भाड्याबाबत निर्देश द्यायचा अधिकार मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 67 ने राज्याला दिलेला. म्हणून अर्जाची एक प्रत आरटीओलाही द्या.

बीआरटीएसचंही, म्हणजे बससाठी वेगळी लेन असलेल्या रस्त्याचंही तसंच झालं: निर्णय वरूनच. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटर, 2013 ला सुरू. काढायची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली, फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने मुभा दिली. मी त्या बसने कामावर जायचो. वेगळी लेन राहावी की जावी, यावर रोज बसने जाणाऱ्यांचं म्हणणं परिषदेत नीट ऐकलं जायला हवं होतं.

लोकमान्यनगर

महापौर कसा निवडायचा, हेही राज्यच ठरवतं. 2019 मध्ये थेट निवडणूक काढून पार्षदांकडे दिली, सरकार बदलल्यावर पुन्हा थेट केली. निगमची मुदत 2020 च्या सुरुवातीला संपली होती आणि मतदान झालं जुलै 2022 ला, तेही सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात आदेश दिल्यावर. घटना पाच वर्षं म्हणते, आणि आपण दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाच्या हाताखाली होतो.

आता 2025 चा महानगर क्षेत्राचा कायदा आलाय. इंदूर, उज्जैन, देवास, धार यांचं नियोजन एकत्र व्हावं, हे मला पटतं. पण प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री. कलम 243 झेडई सांगतं की महानगर नियोजन समितीत किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडलेले असावेत. ती समिती बसते का आणि तिचं ऐकलं जातं का, यावर मराठी मंडळांनीही लक्ष ठेवायला हवं.

राजेंद्रनगरची पूर्वा

लेखापाल काका, बिल काढून बघितलं. दोन्ही मजले एकाच ओळीत आहेत, वापर "भाड्याने". सोमवारी भाडेकरार आणि आमचं वीजबिल घेऊन झोनल ऑफिसला जाते. बसच्या अर्जावर गल्लीतल्या आयांच्या सह्या घ्यायला आजच सुरुवात केली.

रामबागचा लेखापाल

अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घातल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.