फ्रीमेसन म्हणून सांगितली जाणारी मोठी नावे : खरी कोणती मानावीत?

वाचनवेडी, सोलापूर

नमस्कार. आमच्या पेठेतील वाचक मंडळात दर महिन्याला एक जण एखाद्या विषयावर बोलतो आणि पुढच्या महिन्याची पाळी माझी आहे. घराची डागडुजी काढली तेव्हा आजोबांच्या ट्रंकेत, धोतरांच्या घड्यांखाली, निळ्या फितीचे एक पदक आणि फिक्या निळ्या कडेचा पांढऱ्या कातड्याचा एप्रन सापडला, म्हणून मी फ्रीमेसन (बंद दाराआड विधी करणाऱ्या, एकमेकांना बंधू म्हणणाऱ्या सभासदांची जुनी संघटना) हा विषय घेतला. आजोबा तरुणपणी मुंबईत रेल्वेच्या कचेरीत कारकून होते आणि पुढे सोलापूरला येऊन गिरणीत हेडक्लार्क झाले. या संघटनेबद्दल त्यांनी घरात कधी अवाक्षर काढले नाही.

थोरले काका सांगतात की वॉशिंग्टन, नेपोलियन, मोझार्ट, मोतीलाल नेहरू आणि स्वामी विवेकानंद हे सगळे फ्रीमेसन होते. आत्याला विवेकानंदांचे नाव या यादीत घेतलेले मुळीच मान्य नाही आणि तिच्या मनाला लागेल असे काही मला चुकूनही बोलायचे नाही. यांतील कोणती नावे पुराव्याने टिकतात आणि ती कशावरून ओळखावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना दप्तरदार

ताई, या संघटनेत सभासदाचा प्रवेश हा तारखेनिशी होणारा विधी असतो आणि त्याची नोंद लॉजच्या वहीत होते. (त्यांच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात.) त्यामुळे अमुक लॉज, अमुक तारीख असे सांगता येत असेल, तर ते नाव निःशंकपणे घ्यावे, नुसते ‘असे म्हणतात’ एवढ्यावर घेऊ नये.

या कसोटीवर विवेकानंदांचे नाव टिकते. नरेंद्रनाथ दत्त यांनी 19 फेब्रुवारी 1884 रोजी कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये प्रवेश घेतला. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, आणि इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या (सगळ्या लॉजांवरच्या मुख्य संस्थेच्या) नियमाप्रमाणे प्रवेशाचे किमान वयही तेवढेच होते. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी त्यांचे वडील वारले आणि घरावर आर्थिक संकट कोसळले. पुढचे त्यांचे आयुष्य आपण सगळे जाणतोच, पण त्या आठवड्यातला तो तरुण वकिलीच्या वाटेवरचा, शहरातल्या सभासंस्थांमध्ये वावरणारा विद्यार्थी होता, हे लक्षात घेतले तर ही नोंद खटकण्याचे कारण उरत नाही. मोतीलालजींचे सदस्यत्वही सर्वमान्य आहे.

वॉशिंग्टनचा प्रवेश 4 नोव्हेंबर 1752 रोजी व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्ग येथे झाला आणि 1793 मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना त्याने अमेरिकन संसद भवनाची कोनशिला मेसनिक विधीने बसवली. मोझार्ट 14 डिसेंबर 1784 रोजी व्हिएन्नात सदस्य झाला; काही महिन्यांतच संगीतकार हायडन आणि मोझार्टचे वडीलही फ्रीमेसन झाले. फ्रेंच लेखक व्होल्टेअरची गोष्ट मला सर्वांत हृद्य वाटते : एप्रिल 1778 मध्ये, त्र्याऐंशी वर्षांचा असताना, तो बेंजामिन फ्रँकलिनच्या आधाराने पॅरिसच्या लॉजमध्ये आला, आणि दोन महिन्यांच्या आत त्याचे निधन झाले.

नेपोलियनचे नाव मात्र वगळावे. त्याचा भाऊ जोसेफ फ्रान्समधील संघटनेचा प्रमुख होता, त्यामुळे नाव चिकटले असावे. स्वतः नेपोलियनचा भरवशाचा पुरावा नाही. थॉमस जेफरसनचे नावही असेच पुष्कळ ठिकाणी दिसते, तेही सोडून द्यावे.

गिरगावकर

वरील उत्तर उत्तम आहे, पण केवळ थोरांची नावे वाचून दाखवली तर श्रोत्यांच्या हाती फारसे काही लागणार नाही, असे मला मनापासून वाटते. लंडनमध्ये 1717 साली पहिले ग्रँड लॉज स्थापन झाले तेव्हापासून ही मंडळी स्वतःला बंधू म्हणवत आली. मग हिंदुस्थानातल्या माणसाला त्यांनी बंधू कधी मानले, हा प्रश्न तुमच्या व्याख्यानात यायला हवा.

आपल्या मुंबईचेच पाहा. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना इंग्रजांच्या लॉजने नाकारले, तेव्हा ते युरोपात गेले आणि पॅरिसच्या लॉजमध्ये प्रवेश मिळवून परत आले. तरीही मुंबईत त्यांच्यासाठी दार उघडेना. अखेर डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांच्या पुढाकाराने डिसेंबर 1843 मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघाले आणि एतद्देशीयांना वाट मिळाली. याच माणेकजींनी पुढे मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली, हेही जरूर सांगा. दार बंद असण्याचे दुःख त्यांना ठाऊक होते.

हिंदूंना आणखी थांबावे लागले. अनेक देव मानणारा माणूस एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, असा आक्षेप होता. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांना सुमारे नऊ वर्षे झगडावे लागले आणि 1872 मध्ये त्यांना प्रवेश मिळाला, तोही याच ‘अँकर अँड होप’मध्ये. म्हणजे नरेंद्रनाथ ज्या दारातून आत गेले, ते बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दत्तांनी उघडून घेतले होते. अमेरिकेतही प्रिन्स हॉल या कृष्णवर्णीय गृहस्थाला आणि त्याच्या चौदा सोबत्यांना 1775 मध्ये प्रवेश मिळाला तो बोस्टनमधील ब्रिटिश लष्करी लॉजमध्ये.

नाना, सात रस्ता

आत्याबाईंसाठी दोन शब्द. फ्रीमेसन होण्यासाठी धर्म सोडावा लागत नाही. परमेश्वरावर श्रद्धा असावी लागते आणि शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर, म्हणजे हिंदूने गीतेवर, घेता येते. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई असते. इंग्रज लेखक किपलिंग 1886 मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये दाखल झाला. त्याच्या आठवणीप्रमाणे त्याला सदस्यत्वाची पहिली पदवी, म्हणजे पायरी, ब्राह्मो समाजाच्या हिंदूने, दुसरी मुसलमानाने आणि तिसरी इंग्रजाने दिली. बंद दाराआड विधी चालतात म्हणून उत्तरेकडे लोक लॉजच्या इमारतीला जादूघर म्हणत, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात शंका राहणे स्वाभाविक आहे.

स्त्रियांना मात्र या मूळ संघटनेत प्रवेश नाही. ॲनी बेझंट 1902 मध्ये सदस्य झाल्या, ते स्त्री-पुरुष दोघांना घेणाऱ्या, फ्रान्समध्ये निघालेल्या वेगळ्या शाखेत.

वाचनवेडी, सोलापूर

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. नानांचा मजकूर आत्याला वाचून दाखवला. गीतेवरच्या शपथेचे ऐकून तिने तो परत एकदा वाचायला लावला. गिरगावकर, व्याख्यानाची सुरुवात आता माणेकजींपासून करीन. एक विचारायचे राहिले : आजोबांच्या पदकावर काकांनी सांगितलेली फ्रीमेसनांची खूण, म्हणजे गुण्या (गवंड्याचा काटकोन) आणि कर्कटक (कंपास), नाही, नुसत्या दोन लेखण्या एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या आहेत. ते पदक याच संघटनेचे असेल ना?

जुना दप्तरदार

नक्कीच. लॉजमधील पदांची चिन्हे बहुतेक गवंडीकामातून आलेली आहेत : प्रमुखाचा गुण्या, वरिष्ठ वॉर्डनची पाणसळ, कनिष्ठ वॉर्डनचा ओळंबा. फुलीसारख्या ठेवलेल्या दोन लेखण्या हे सचिवाचे चिन्ह आहे. म्हणजे आपले आजोबा केवळ सदस्य नव्हते, तर लॉजची वही त्यांच्याच हाती होती. नव्या बंधूंची नावे आणि तारखा तेच लिहीत असणार. पदकाच्या पाठीवर लॉजचे नाव किंवा क्रमांक कोरलेला असू शकतो. तो सापडला तर दिल्लीच्या ग्रँड लॉज ऑफ इंडियाकडे पत्राने विचारणा करता येईल. ते 1961 मध्ये स्थापन झाले आणि त्याआधीची पुष्कळ लॉजेस त्यात सामील झाली.

वाचनवेडी, सोलापूर

पाठीवर आकडे आहेत, पण काळवंडल्यामुळे पहिला तेवढा वाचता येतो. आत्या चिंच घेऊन घासायला बसली आहे.

जुना दप्तरदार

ताई, कृपया त्यांना थांबवा. चिंचेने कोरीव अक्षरांच्या कडा झिजतील. मऊ कोरड्या कापडाने अलगद पुसा आणि संध्याकाळी दिवा एका बाजूला खाली धरून तिरप्या उजेडात पाहा, आकडे दिसतील.